खरी प्रत कुठली?

बेंगळुरूत डिझाइनच्या कामाला असलेल्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. तुमच्या घरच्यांनीही वाचावं. रात्री दोनला तुमची वाट बघत तेच जागे असतात.

तुमच्यातलं कुणी पीन्याच्या औद्योगिक वसाहतीत कॅडवर बसतं. कुणी कोरमंगलात मोबाइल ॲपचे स्क्रीन आखतं. कुणी घरांचं इंटिरियर करतं, कुणी चिकपेटच्या बाजूला लग्नपत्रिकांचं आर्टवर्क करून देतं. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर, सोलापूरकडून तुम्ही इथे आलात. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटलात की कामाच्या गोष्टी निघतात. त्यात एक वाक्य हमखास येतं. "काका, फाइल गेली. सगळं परत करावं लागलं."

मी मग नीट विचारतो. खरंच गेली का? बहुतेक वेळा ती गेलेली नसते. उलट तिच्या पाच-सहा प्रती असतात. एक डेस्कटॉपवर, एक पेनड्राइव्हवर, एक मेलमध्ये, एक व्हॉट्सॲपवर, एक शेजारच्याच्या मशीनवर. त्यातली खरी कुठली, ते कुणालाच सांगता येत नाही.

हे दुखणं मी भोगलेलं आहे.

पीन्यातल्या एका लहान कारखान्यात मी बरीच वर्षं ड्रॉइंगचं काम केलं. एका गिऱ्हाइकाचं ब्रॅकेट होतं. त्यानं दुपारी फोन करून दोन भोकांमधलं अंतर बदलायला सांगितलं. ८५ मिलिमीटरचं ८२. मी लगेच फाइल उघडली, बदल केला, नव्या नावानं माझ्याच मशीनवर सेव्ह केली आणि घरी गेलो. शॉपमधल्या सगळ्यांसाठी जो फोल्डर होता, त्यात जुनी फाइल तशीच राहिली. तिच्या नावात 'फायनल' असा शब्द होता. रात्रपाळीच्या ऑपरेटरनं तीच उघडली, तिचाच प्रिंट काढला. सकाळी ६० ब्रॅकेटं तयार होती. साठच्या साठ भंगारात गेली.

बोलणी बसली ती ऑपरेटरला. त्यानं तर समोरच्या कागदाप्रमाणे अगदी नेमकं काम केलं होतं. चूक माझी होती, आणि ती मी कबूल करेपर्यंत त्याची रात्रभराची मेहनत शिव्या खात होती. त्या दिवसापासून मला कळलं, की फाइल ही आपली एकट्याची नसते. तिच्या भरवशावर दुसऱ्या कुणाचा तरी रोज चालतो.

कॉम्प्युटर नव्हते तेव्हा लोक हे कसं सांभाळायचे? त्याचं उत्तर शोधायला लांब जायला नको.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीनं डिसेंबर १९४० मध्ये इथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. आजचं एचएएल म्हणजे तीच. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे तिथे विमानांचं डिझाइन पाहू लागले. जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल या वायुगतिशास्त्रज्ञांकडे शिकून आलेला हा माणूस. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेलं एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचं विमान १९५१ मध्ये उडालं. दहा वर्षांनी, जून १९६१ मध्ये, मारुत हे लढाऊ विमान याच शहरातून आकाशात गेलं. एका विमानाला हजारो सुटे भाग लागतात. प्रत्येक भागाला ड्रॉइंग लागतं. आणि ही सगळी ड्रॉइंगं कागदावर, हातानं काढलेली असत.

त्या पिढीच्या ड्रॉइंग ऑफिसांची रीत सोपी होती. मूळ ट्रेसिंग एकच. ते कपाटात, कुलपात. शॉपमध्ये जायचा तो त्याचा प्रिंट. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात चौकट असायची. तिच्यात नंबर, नाव, काढणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची सही. वरच्या बाजूला बदलांचा छोटा तक्ता. बदल झाला की पुढचं अक्षर चढायचं. ए नंतर बी, बी नंतर सी. समोर तारीख आणि काय बदललं ते एका ओळीत. नवा प्रिंट द्यायचा तर जुना आधी परत घ्यायचा आणि रद्द करायचा. कुणाला किती प्रिंट दिले, त्याची वही असायची.

मूळ एक, बाकी सगळे प्रिंट. एवढंच त्याचं मर्म. कागदाची प्रत काढायला वेळ आणि पैसा लागायचा, म्हणून प्रती मोजक्याच निघायच्या. आज प्रत काढायला एक क्लिक पुरे. प्रती फुकट झाल्या आणि शिस्त सुटली. ती परत आणायची आहे. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

सुरुवात घरापासून करा. म्हणजे फाइलीच्या घरापासून.

एका जॉबचं एकच फोल्डर ठेवा. त्याची जागा सगळ्यांना माहीत असू द्या. त्याच्या आत चार खण करा. एकात चालू काम. दुसऱ्यात गिऱ्हाइकाकडून आलेलं सगळं, जसं आलं तसं. तिसऱ्यात तुम्ही बाहेर पाठवलेलं. चौथ्यात जुनं झालेलं. चालू कामाच्या खणात एका वस्तूची एकच फाइल असली पाहिजे. दोन दिसल्या, की हातातलं काम थांबवा आणि आधी तो घोळ निस्तरा. डेस्कटॉपवर काम करू नका. डेस्कटॉप म्हणजे घराचा उंबरा. तिथे वस्तू टेकवायची, ठेवायची नाही.

मग नावं. 'फायनल' हा शब्द आजपासून वापरू नका. मी हे गंभीरपणे सांगतो आहे. फायनलनंतर फायनल-न्यू येतं, मग फायनल-न्यू-ओके, मग रिअल-फायनल. महिन्याभरानं त्यातलं काय आधीचं आणि काय नंतरचं, हे तुम्हालाही सांगता येत नाही. तर दुसऱ्याला कुठून येणार?

नावात तीन गोष्टी पुरेत. जॉबचा नंबर, वस्तूचं नाव, रिव्हिजनचं अक्षर किंवा आकडा. आकडा असेल तर ०१, ०२ असा दोन अंकी लिहा, नाहीतर काही ठिकाणी दहा हा दोनच्या आधी जाऊन बसतो. तारीख घालायची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. असं लिहिलं की फाइली आपोआप ओळीनं लागतात. फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवा आणि मध्ये मोकळी जागा सोडू नका. मराठीचं प्रेम मलाही आहे. पण जुनी सॉफ्टवेअरं आणि मशीनं देवनागरी नावं नीट वाचत नाहीत आणि फाइल ऐन वेळी उघडत नाही.

आता वही. ही सगळ्यात महत्त्वाची, आणि सगळ्यात जास्त कंटाळा हिचाच येतो.

प्रत्येक जॉबला एक साधी नोंद ठेवा. एक्सेलमध्ये ठेवा, नाहीतर खरोखरची वही घाला. प्रत्येक बदलाला एक ओळ. काय बदललं. का बदललं. कुणी सांगितलं. कधी. कॅडमध्ये काम करत असाल तर ड्रॉइंगवरच्या तक्त्यातही तेच लिहा. फिग्मामध्ये असाल तर महत्त्वाच्या टप्प्यावर हिस्टरीत नाव देऊन ठेवा, 'गिऱ्हाइकाला दाखवलं, पहिली फेरी' असं. नुसत्या तारखा आणि वेळा पाहून नंतर काही कळत नाही.

याचा उपयोग पैशांत होतो. समजा, तुम्ही एका घराचं स्वयंपाकघर करता आहात. ओट्याची उंची ठरली होती ३४ इंच. घरातल्या आजींना उंच पडतो म्हणून मालकांनी फोनवर ३२ करायला सांगितली. तुम्ही केली, सुतारानं केली, ग्रॅनाइट बसला. मग घरात दुसऱ्या कुणाला तो बुटका वाटला. आता ओटा फोडायचा खर्च कुणी द्यायचा? तुमच्याकडे त्या दिवसाची ओळ असेल आणि संध्याकाळी मालकांना पाठवलेला 'आज सांगितल्याप्रमाणे ओटा ३२ इंच केला आहे' असा एक निरोप असेल, तर बोलणं दोन मिनिटांत संपतं. संबंध बिघडत नाहीत. नसेल, तर भुर्दंड तुम्हाला आणि मनस्ताप सुताराला.

फोनवर सांगितलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी लिहून परत पाठवा. हे भांडणासाठी नाही. माणसं चांगलीच असतात, पण विसरतात.

बाहेर पाठवलेली फाइल पवित्र समजा. गिऱ्हाइकाला, शॉपला, प्रेसला जे पाठवलं, त्याची पीडीएफ तिसऱ्या खणात ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. पुढचा बदल आला तर नवं अक्षर, नवी पीडीएफ. आणि नवी पाठवताना एक ओळ जरूर लिहा: आधीची रिव्हिजन वापरू नका. भिंतीवरचा जुना प्रिंट स्वतः जाऊन काढा. मी त्या दिवशी शॉपच्या फोल्डरमधली जुनी फाइल काढली असती, तर साठ ब्रॅकेटं वाचली असती.

छपाईचं काम करणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो. प्रेसला फाइल द्यायची तर फाँट कर्व्ह करून देता, ते बरोबर आहे. आपल्याकडचं बरंच जुनं मराठी काम श्रीलिपीसारख्या फाँटांत झालेलं आहे. तो फाँट दुसऱ्या मशीनवर नसला, की मराठी मजकुराच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. पण कर्व्ह केलेल्या मजकुरात टाइप करून दुरुस्ती होत नाही. ती अक्षरं उरत नाहीत, नुसते आकार होतात. म्हणून कर्व्ह करण्याआधीची फाइल वेगळ्या नावानं ठेवाच. पत्रिका छापायला जायच्या आदल्या रात्री मुहूर्ताची वेळ बदलते. चि. सौ. कां.च्या नावातली वेलांटी चुकलेली आत्याबाईंना तेव्हाच दिसते. मूळ फाइल असेल तर पाच मिनिटांचं काम. नसेल तर सगळा मजकूर पुन्हा टाइप करा, आणि घाईत नवी चूक करा.

जुन्या कामांचंही बघा. स्मरणिका, मासिकं, दिवाळी अंक असं कितीतरी आपण पेजमेकरमध्ये केलं. अडोबीनं ते पुढे वाढवणं २००४ मध्ये थांबवलं. आजचं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडत नाही. सीएस६ पर्यंतचं जुनं इनडिझाइन एखाद्या मशीनवर अजून चालत असेल, तर ते मशीन विकायच्या आधी त्या फाइली उघडून नव्या रूपात आणि पीडीएफमध्ये करून घ्या. संपलेल्या प्रत्येक कामाची पीडीएफ हवीच. सॉफ्टवेअर जातं, पीडीएफ वाचता येते.

आणखी एक गोष्ट नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. डिझाइनची फाइल एकटी नसते. असेंब्लीच्या फाइलीत सुटे भाग नसतात, ते कुठे आहेत याचा पत्ता असतो. आर्टवर्कमध्ये बऱ्याचदा फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो. तुम्ही भागाच्या फाइलीचं नाव परस्पर बदललंत किंवा फोल्डर हलवलंत, की पत्ता चुकतो. मग उघडल्यावर भाग गायब, फोटोच्या जागी धूसर चौकट. म्हणून नाव बदलायचं ते सॉफ्टवेअरच्या आतून बदला. फाइल कुणाला द्यायची तर सगळं बिऱ्हाड एकत्र बांधून द्या. सॉलिडवर्क्समध्ये त्याला पॅक अँड गो म्हणतात, ऑटोकॅडमध्ये ईट्रान्समिट, इनडिझाइनमध्ये पॅकेज, कोरलमध्ये कलेक्ट फॉर आउटपुट. नावं वेगळी, काम एकच. एकदा बसून तुमच्या सॉफ्टवेअरमधलं हे बटण शोधून ठेवा.

समोरच्याकडे सॉफ्टवेअरचं कुठलं व्हर्जन आहे, तेही आधी विचारा. ही लहान गोष्ट वाटेल. एअरबसच्या ए३८० या प्रचंड विमानाचं काय झालं ते ऐका. त्यात ५०० किलोमीटरहून जास्त लांबीच्या वायरी. हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरच्या चौथ्या व्हर्जनवर काम करत होते, तुलूजचे पाचव्यावर. दोन्हींतला मेळ नीट बसला नाही. वायरींचे जुडगे विमानात बसवायला आणले तेव्हा ते आखूड पडले. २००६ मध्ये हे जगासमोर आलं, आणि पहिलं विमान ऑक्टोबर २००७ मध्ये, ठरल्यापेक्षा दीड वर्षाहून अधिक उशिरा दिलं गेलं. तिथली माणसं हुशारच होती. त्यांनी आधी एकमेकांना जे विचारायला हवं होतं, ते तुम्ही विचारा.

एकाच फाइलीवर दोघं बसू नका. सॉफ्टवेअर लिहिणारी तुमची मित्रमंडळी गिट वापरतात. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केलं. त्यात दोघांनी केलेले बदल बऱ्याचदा एकत्र जोडता येतात, कारण त्यांचा कोड म्हणजे ओळीओळींचा मजकूर असतो. कॅडची किंवा फोटोशॉपची फाइल तशी नसते. दोघांनी वेगवेगळा बदल केला तर शेवटी सेव्ह करणाऱ्याचं राहतं आणि दुसऱ्याचं पुसलं जातं. मोठ्या कंपन्यांत यासाठी पीडीएम नावाचं सॉफ्टवेअर असतं. फाइल आपल्या नावावर घ्यायची, काम करायचं, परत जमा करायची. तोवर इतरांना ती फक्त बघता येते. तुमच्याकडे पीडीएम नसेल तर भिंतीवर पांढरा फळा लावा. कुठली फाइल कुणाकडे आहे ते लिहा. काम झालं की पुसा. चार-पाच माणसांच्या ऑफिसला एवढं पुरतं.

मशीन स्वतःहून थोडं सांभाळतं, ते माहीत करून घ्या. ऑटोकॅड सेव्ह करताना आधीची फाइल बीएके या शेपटीनं बाजूला ठेवतं. ती शेपटी बदलून डीडब्ल्यूजी केली, की फाइल उघडते. रात्री वीज गेली आणि फाइल बिघडली तर आधी तिकडे बघा, रडत बसू नका. पण ही फक्त एक पायरी मागची प्रत आहे. फिग्माच्या फुकट खात्यात मागचे ३० दिवसच दिसतात. गूगल ड्राइव्हवर टाकलेल्या कॅड-फोटोशॉपसारख्या फाइलींची जुनी व्हर्जनं ३० दिवसांनी किंवा शंभर झाल्यावर जाऊ शकतात, तुम्ही 'कायम ठेवा' असं सांगितलं नाही तर. घराचं काम सहा महिने चालतं, साच्याचं काम वर्षभर. या आपोआप राहणाऱ्या प्रतींवर विसंबून कसं चालेल?

आता बॅकअप. याबद्दल तुम्ही हजारदा ऐकलं आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक ऑफिसच्या बाहेर. हा नियम पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकारांनी रूढ केला. गूगल ड्राइव्हशी जोडलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्या मशीनवर फाइल पुसली, की तिथूनही पुसली जाते.

ऑफिसच्या बाहेर का, ते सप्टेंबर २०२२ मध्ये या शहरानं पाहिलं. बेळंदूर, यमलूर, आउटर रिंग रोड पाण्याखाली गेले. माणसं ट्रॅक्टरमधून कामाला गेली. तळमजल्यावरच्या टेबलाखाली कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क ठेवली असेल, तर अशा पाण्यात दोन्ही एकदमच जाणार.

आणि बॅकअप आहे असं समजणं वेगळं, तो उघडून बघणं वेगळं. पिक्सारमध्ये १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचं काम चालू असताना कुणाच्या तरी हातून पुसायची आज्ञा दिली गेली आणि बहुतेक सगळं काम डोळ्यांदेखत नाहीसं झालं. बॅकअप होता, पण तो नीट चालतच नव्हता, आणि ते कुणी तपासलं नव्हतं. गॅलिन सुसमन या तिथल्या तंत्रप्रमुख. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. ते मशीन गोधड्यांत गुंडाळून गाडीनं ऑफिसात आणलं, तेव्हा काम वाचलं.

ही गोष्ट ऐकून कंपनीच्या फाइली गुपचूप घरी नेऊ नका. ते ड्रॉइंग तुमचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे. पेनड्राइव्हवर घातलेली एक फाइल नोकरी घालवू शकते, पोलिसांपर्यंतही नेऊ शकते. बाहेरची प्रत हवी असेल तर साहेबांना सांगा, ऑफिसनं ठरवलेल्या जागीच ती ठेवा. नोकरी सोडताना सगळं आवरून, वहीसकट, पुढच्याच्या हाती द्या. जाताना नीट आवरून गेलेल्या माणसाचं नाव पीन्यात लोक वर्षानुवर्षं काढतात.

हे सगळं एका दिवसात होणार नाही. जुन्या शंभर जॉबांना हात लावू नका, दमून जाल. उद्या जो नवा जॉब येईल, तो एवढा नीट ठेवा.

आणि या शनिवारी अर्धा तास काढा. मागच्या वर्षीचा एक जॉब निवडा. तुमच्या मशीनवरून नाही, बॅकअपमधून तो बाहेर काढा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा. सगळे भाग दिसतात का बघा. फाँट येतो का बघा. गिऱ्हाइकाला शेवटी पाठवलेली पीडीएफ सापडते का बघा, आणि ती चालू फाइलीशी जुळते का तेही. यातलं काही अडलं, तर सोमवारी सकाळी पहिल्या चहाच्या आधी साहेबांच्या कानावर घाला.